राहीबाईची पिन

आईच्या पुण्यानुमोदनाला डॉक्टर सगळ्यांच्या आधी आले. कराडच्या त्यांच्या दवाखान्यात आई सतरा वर्षं सिस्टर होती. त्यांनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, हात जोडले, आणि चहा यायच्या आत मला सांगितलं की एक तारखेपासून ये. इंजेक्शन, सलाईन, टाके काढणं, ऑपरेशनला हाताखाली उभं राहणं, सगळं ते सहा महिन्यांत शिकवणार होते.

मला सांगलीच्या नर्सिंग कोर्सचं पत्र आलं होतं. तीन वर्षं, वसतिगृहात राहून. सोमवारी मूळ कागदपत्रांसह हजर व्हायचं होतं. हे दवाखान्यात बोलू नकोस, असं आईनं बजावलं होतं. तरी डॉक्टरांना ठाऊक होतं. निघताना ते सहज म्हणाले, "दहावी-बारावीचे मूळ दाखले माझ्याकडे आणून दे. फाइलला लागतात."

मामाला, धोंडिराममामाला, त्यात काही वावगं दिसलं नाही. सांगलीचं डॉक्टरांच्या कानावर त्यानंच घातलं होतं. "डॉक्टर दारात आल्यात, पोरी. तीन वर्सं घासून शेवटी असल्याच दवाखान्यात जायाचं न्हवं?"

मला तो 'मूळ' शब्द सलत राहिला.

दवाखान्यातून आईच्या वस्तूंची पिशवी आली होती. डबा, चष्मा, पांढरी साडी. साडीच्या घडीत नावाची पिन होती. त्यावर राहीबाई. आईचं नाव तानुबाई. चुकून आली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण खांद्यावर पदराला त्या पिनेची भोकं होती, शेजारी शेजारी, कापड विरेपर्यंत.

शनिवारी दवाखान्यात गेले, दाखले न घेता. औषधांच्या कपाटावर एक चौकट लहानपणापासून पाहत आले होते. पहिल्यांदाच वाचली. नर्स म्हणून नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र, राहीबाईच्या नावाचं. फरशी पुसणाऱ्या साळूबाईला विचारलं.

"ती व्हय? लगीन करून गेली कवाच. कागद हितंच ऱ्हायला. तुज्या आईकडं असला कागद कुटला? तपासणीला सायेब आलं की ती पिन लावायची." तिनं फडकं पिळलं. "सुई मातर तानुबाईचीच. टोचलेली कुनाला कळायची न्हाई."

डॉक्टरांनी दाखल्यांचं विचारलं. मी म्हटलं, माझ्या नावाची पिन करावी लागेल.

ते हसले. "पिन तुझ्या घरी आलीच आहे की."

पिशवी कुणी भरली होती, ते मी विचारलं नाही.

सोमवारी सांगलीत फॉर्म भरताना आईच्या व्यवसायाच्या रकान्याशी पेन थांबलं. 'नर्स' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. क्लार्कनं दाखले ओढून घेतले. मी पावती मागितली.

"ताई, इथं कुणी दाखले खात नाही."

मागची रांग कुरकुरू लागली. पावती हातात येईपर्यंत मी खिडकीवरून हलले नाही.