शिडीचा दोष नाही

"सबब, सूनबाईंनी शिडी चढण्याची नोकरी सोडावी. त्या नोकरीमुळेच गर्भ नळीत अडकला," सासऱ्यांनी वाचून दाखवलं आणि पेन पुढे केलं. "करा सही."

सून अग्निशमन दलात होती. अकरा वर्षांत तिनं धुरातून माणसं, मांजरं आणि एकदा, मालक फारच रडत होता म्हणून, एक शिवणयंत्रही खाली आणलं होतं. नऊ दिवसांपूर्वी मात्र तिलाच स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत वाढत होता. नळी फुटली. डॉक्टरांनी ती काढून टाकली आणि सुनेला वाचवलं.

सासरे कोर्टात कारकून होते. ते निवृत्त झाले, त्यांच्यातलं कोर्ट झालं नाही. घरातली प्रत्येक गोष्ट ठरावाच्या वहीत जायची. मांजराला हाकलायचा ठरावसुद्धा 'मांजर गैरहजर' असा शेरा मारून मंजूर झाला होता. खाली सगळ्यांच्या सह्या.

"मी सही करणार नाही, बाबा. कारण चुकीचं आहे."

"अगं वहिनी, सहा-सहा मजले चढायचं म्हणजे," नणंद बिस्किट चहात बुडवत म्हणाली, "पोटातल्याला काय कळणार वर जायचं का खाली?"

"ताई, ते बिस्किट पडलं."

नणंद चमच्यानं बिस्किट शोधू लागली. तेवढ्या वेळात सून सरळ बसली. टाके ओढले गेले.

"लिहा बाबा. क्लॅमिडिया नावाचा जंतू. शरीरसंबंधातून येतो. पुष्कळदा त्रास काहीच होत नाही, म्हणून कळतही नाही. मला कधी झाला, माहीत नाही. जंतू केव्हाच गेला. पण तो आला होता त्याच्या खुणा रक्तात सापडल्या, आणि नळीवरचे व्रण डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये डोळ्यांनी पाहिले."

सासऱ्यांचं पेन 'शरीर' या शब्दावर थांबलं होतं.

"जंतू गेला तर व्रण कसले?" त्यांनी विचारलं. प्रश्न कोर्टात शोभण्यासारखा होता.

"आग एका पडद्याला लागते. आम्ही जातो, पाणी मारतो. आग विझते, पण भिंती फुगतात, छत खाली येतं. तसंच झालं. जंतूशी लढायला माझंच शरीर धावलं आणि लढता लढता नळी आतून चिकटली. गर्भाला पुढे सरकायला वाट उरली नाही."

"म्हणजे बंबवाल्यांचीच चूक," नणंद म्हणाली.

"बंब आला नाही तर इमारत जाते, ताई."

नणंदेनं चमचा खाली ठेवला. "ते राहू दे. हे घरात आणलं कुणी, ते सांग."

सून काही बोलायच्या आत तिचा नवरा बोलला. तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा आणि घरच्या बैठकीत सहसा चष्मा पुसण्यापलीकडे काही करायचा नाही.

"माझ्याही रक्तात खुणा आहेत. कुणाकडून कुणाला, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी विचारलं होतं." त्यानं चष्मा चढवला. "खबरदारी म्हणून आम्ही दोघांनी औषध घेतलं. दुसरी नळी उघडी आहे, पण तिच्यावरही व्रण आहेत. पुन्हा दिवस राहिले तर लगेच तपासायचं. हे सगळं लिहा, बाबा."

"असले शब्द या वहीत आजवर आले नाहीत."

"मग वहीची सवय मोडू दे," सून म्हणाली. "शिडीचा दोष नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की मी कामावर जाणार. हवं तर मला गैरहजर दाखवा. मांजराला दाखवलं तसं."

सासऱ्यांनी ठराव खोडायला पट्टी घेतली, पुन्हा ठेवली.

"पहिली वही काढा," सासू म्हणाली.

सासू बैठकीत बोलायची नाही, फक्त सही करायची. त्यामुळे ती बोलल्याची नोंद कुठे करायची, हेच सासऱ्यांना सुचेना. त्यांनी कपाटातून वही काढली. अडतीस वर्षांपूर्वीची.

"ठराव अकरा. वाचा."

सासऱ्यांनी चष्मा नीट केला. "पत्नीने सांगूनही पाण्याची बादली उचलली. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात..."

"बादली अर्धीच होती," सासू म्हणाली. "मी तेव्हाही सांगणार होते. तुम्ही पेन पुढे केलंत. मी सही केली."

नळाखाली कप धुवायला निघालेली नणंद दारातच थांबली.

"खोडा ते."

"अगं, पण पुरावा?"

"तेव्हा तरी कुठे होता?"

सासऱ्यांनी त्या ओळीवर पट्टी ठेवली. रेघ सरळ आली. वर त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'कारण कळले नाही', आणि नियमाप्रमाणे बाजूला आद्याक्षरं घातली. मग ते वही मिटायला गेले.

सासूनं पानावर हात ठेवला. शाई वाळेपर्यंत तिनं वही मिटू दिली नाही.