समायोजनाचा ठराव

योगेशने आपली बुलेट माधुरी मॅडमच्या स्कूटीला आडवी लावली, किल्ली काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी खिशात टाकली.

"आता बघू कशा जात्यात," तो म्हणाला. मॅडमला नव्हे, शाळेच्या वऱ्हांड्यात जमलेल्या लोकांना.

माधुरी मॅडम केंद्रप्रमुख. केडगाव ओलांडलं की पुढच्या बारा सरकारी शाळा त्यांच्याकडे. त्या बाराही शाळांचा गोषवारा संध्याकाळी पाचपर्यंत वर पाठवायचा होता. शाळेचं नाव, पट, शिक्षक, जवळच्या शाळेचं अंतर आणि शेवटी शेरा. अकरा ओळी भरून झाल्या होत्या. बारावी चिंचमळा वस्तीची. पट एकोणीस, शिक्षक एक, अंतर दीड किलोमीटर. त्या दीड किलोमीटरच्या मधोमध बायपास जातो आणि त्यावरून दिवसरात्र कंटेनर धावतात, हे लिहायला रकाना नव्हता. वीसच्या आतली शाळा म्हणजे घरातलं अंथरुणाला खिळलेलं माणूस. कुणी मारत नाही, पण सगळे वाट बघत असतात.

बसायला वैजनाथ गुरुजींनी खुर्ची दिली. पाणी मात्र कुणी विचारलं नाही. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायची रीत चिंचमळ्यात अजून आहे. आज ती ठरवून मोडली होती. पायरीवर मनकर्णाबाई खिचडीचं पातेलं राखेने घासत होती. तिनेही मान वर केली नाही.

"शाळा बंद करायला आलाय न्हवं? सरळ बोला की," योगेश म्हणाला.

"मी पट तपासायला आले आहे."

"पट तुमाला ठाव हाय. तुमची एक सही झाली की आमच्या पोरांनी रोज बायपास वलांडायचा. तितं कुत्रं सुदिक वाचत न्हाई, मॅडम."

"तुमचं सोताचं पोरगं कुटल्या शाळंत हाय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"इंग्रजी शाळेत," मॅडम म्हणाल्या. खोटं बोलायचा त्यांना कंटाळा आला होता. "आणि अध्यक्ष, तुमचं?"

योगेश शाळा समितीचा अध्यक्ष झाला होता तो मुलीमुळे. स्नेहल इथे तिसरीत होती. धाकटा पार्थ मात्र पिवळ्या बसने नगरला जायचा. मुलगी सरकारी आणि मुलगा इंग्रजी, अशी वाटणी वस्तीत घरोघर होती आणि तिच्याबद्दल बोलायचं नाही, हेही ठरलेलं होतं.

"पोरगी हाय की हितं."

"मुलगा इथे असता तर पट वीस झाला असता."

योगेशचा चेहरा लाल झाला. "घरापत्तुर जाऊ नका, मॅडम."

"लई शाणी हाय," कुणीतरी म्हणालं. दुसऱ्याने त्याहून वाईट काहीतरी म्हटलं, आणि दोघं-तिघं हसले.

मॅडमना राग आला. साधासुधा नाही, कानशिलं तापवणारा. त्यांच्या पर्समध्ये या लोकांनीच पाठवलेला एक कागद होता. तो गोषवाऱ्याला जोडला की शाळा बंद, आणि दोष द्यायला कुणाला जागा नाही. खरं तर त्याबद्दलच विचारायला त्या आल्या होत्या. आता वाटत होतं, विचारायचं कशाला? गप्प बसावं, पाचला पाठवून द्यावा. आपल्या हाताने विहीर खणली आहे, पडू देत.

बुलेट आडवी नसती तर त्या गेल्याही असत्या.

त्यांनी कागद काढला. "हा ठराव तुमचाच ना?"

"आमचाच. बारा जनांच्या सह्या हायेत. एकटं गुरुजी चार वर्ग वढत्यात, आजून एक द्या म्हनून लिवलंय."

"वाचा."

योगेशने खडा आवाज लावला. "सर्वानुमते असे ठरले की, चिंचमळा शाळेचे समायोजन तातडीने करण्यात यावे."

"म्हणजे काय?"

"म्हंजी गुरुजी द्या! शेजारच्या वस्तीला समायोजनात मास्तर मिळाला. मंग आमाला का न्हाई?"

पायरीवरचा राखेचा आवाज थांबला.

"शाळंचं समायोजन?" मनकर्णाबाई म्हणाली. "माज्या म्हायेरी, मिरजगावच्या पल्याड, शाळंचं समायोजन झालं. आता तितं कांदा भरत्यात."

सगळ्यांनी मॅडमकडे बघितलं.

"शिक्षकाचं समायोजन झालं तर शिक्षक येतो," मॅडम म्हणाल्या. "शाळेचं झालं तर शाळा जाते. दुसऱ्या शाळेत."

योगेशने ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. मग तिच्याखालचं अक्षर बघितलं. सुबक, वळणदार, फळ्यावर रोज दिसणारं. त्याने मान वळवली, तशी सगळ्यांनीच वळवली.

वैजनाथ गुरुजी टेबलावरचे खडू एका रांगेत लावत होते.

"कार्यालयीन भाषेत लिहिलं मी," ते म्हणाले.

"वीस वर्षं तीच भाषा लिहिताय, सर," मॅडम म्हणाल्या.

गुरुजींचं घरदार संगमनेरला होतं. सहा वर्षं ते बदलीची वाट बघत होते, आणि शाळा मिटली की बदली लवकर होते. त्यांची बदलीची धडपड वस्तीला माहीत होती. त्याच वस्तीने त्यांना सहा वर्षं दूध घातलं होतं, हुरड्याला पहिलं बोलावलं होतं. त्या शब्दाशी ती धडपड जोडून मात्र कुणी बघितली नव्हती.

"मला तर कुनी वाचून बी दावलं न्हाई," मनकर्णाबाई म्हणाली. "हितं सही कर म्हनले, केली."

मॅडमनी ठराव योगेशच्या हातून घेतला आणि उभा फाडला.

"याच्यावर अजून आवक शिक्का नव्हता. हा मला मिळालाच नाही. शेऱ्यात 'ग्रामस्थांचा तीव्र विरोध' लिहायचं तर विरोध कागदावर लागतो. मघापासून मला जे बोलताय, ते लिहून द्या. शिव्या तेवढ्या वगळा."

"मंग शाळा ऱ्हाईल?"

"आज बंद होणार नाही. पट वाढला नाही तर पुढच्या वर्षी मी पुन्हा येईन."

"उपकार करताय व्हय आमच्यावर?"

"नाही. तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही माझा."

योगेश पायऱ्या उतरला. खिशातून किल्ली काढून त्याने बुलेट स्कूटीसमोरून मागे घेतली. मिटलं असं समजून गुरुजींनी हळूच हेल्मेट उचललं. योगेशने गाडी वळवली आणि गुरुजींच्या मोटारसायकलला आडवी लावली.

"बसा गुरुजी," तो म्हणाला. "लिवायचंय."

गुरुजी बसले. "काय लिहू?"

"शाळा बंद करू नका, असं लिवा," मनकर्णाबाई म्हणाली. "त्याला दुसरा अर्थ न्हाई."

गुरुजींनी पेनचं टोपण काढलं. सगळे त्यांच्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर बघू लागले. मनकर्णाबाईने राखेचे हात धुतले, आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून मॅडमसमोर आदळला.