नुरजहाँ रागावलेली नव्हती

मी एक जुने जनुक आहे. कोकणातल्या सावित्री नदीला आजचे पात्र मिळाले नव्हते तेव्हाही माझे पूर्वज होते. खमिराच्या इवल्याशा पेशींत ते राहत, आणि आमच्या घराण्याचा पत्ता शास्त्रज्ञांना प्रथम लागला तो त्या खमिरातच. माणसाच्या शरीरात आम्ही सात भावंडे आहोत. घराण्याचे नाव सर्टुइन. त्यातला मी पहिला, सर्ट-वन.

मित्रांनो, जनुक म्हणजे कोणी प्राणी नव्हे. एखादा पदार्थ कसा करायचा ते लिहिलेला कागद घरात जपून ठेवलेला असतो ना, तसा मी आहे. कागदाने पोट भरत नाही, त्यावरून पदार्थ करावा लागतो. माझ्यावरून पेशी एक विकर तयार करते. विकर म्हणजे पेशीतला कामकरी. त्याचे काम ऐकायला साधे आहे. तुमच्या प्रत्येक पेशीत एक लांबच लांब धागा असतो आणि तो रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांवर बारीक चिमटे बसतात. चिमटा बसला की धागा सैल होतो आणि तिथला मजकूर वाचला जातो. माझा कामकरी नको तिथले चिमटे काढतो. धागा पुन्हा घट्ट बसतो आणि नको तो मजकूर मिटलेला राहतो. याखेरीज धागा तुटला तर सांधणाऱ्यांना हात देणे, पेशीला शक्ती पुरवणारे कण नीट चालू ठेवणे, अन्न कमी असेल तेव्हा पेशीला काटकसर शिकवणे, हेही त्याच्याकडेच असते. पण प्रत्येक चिमट्यामागे त्याला एनएडी नावाचा एक रेणू लागतो. माणसाचे वय वाढते तसा एनएडी कमी होतो, आणि तुटका धागा सांधणारे दुसरे कामकरीही त्याच्यावरच डोळा ठेवून असतात.

मी महाडच्या नुरजहाँच्या शरीरात राहत होतो. तिच्या कातडीत, काळजात, घशात, कानात, सगळीकडे माझ्या प्रती होत्या. पण ही हकीकत तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळसर ठिपक्याची आहे. तिथल्या पेशी डोपामिन नावाचे रसायन बनवतात. हाताने उचलावे, पायाने चालावे, गालांनी हसावे, गळ्याने मोठे बोलावे, असे मनात आले की ते अंगापर्यंत पोचवायला हे रसायन लागते.

नुरजहाँचा नवरा ट्रक चालवायचा. तो लवकर गेला. एकुलता एक मुलगा जलील १९९२ साली नोकरीसाठी मस्कतला गेला. तेव्हा परदेशी फोन लावणे सोपे नव्हते. महाडच्या घराघरांतून लोक पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत. गल्लीतला कोणी मस्कतला निघाला की त्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी कॅसेट जायची. महिन्या-दोन महिन्यांनी तिकडून भरलेली कॅसेट यायची. नुरजहाँ टेपसमोर बसून मुलाशी अशी बोलायची, जणू तो पडवीत जेवायला बसला आहे. तिचा आवाज खणखणीत होता. शेजारची काशीबाई म्हणायची, "भाबी, तुमाला कॅसेट कशाला हवी? दारात उभ्या राहून हाक मारा, मस्कतला ऐकू जाईल."

त्या आवाजाचे सगळ्यांनी कौतुक केले. माझे कोणी केले नाही, आणि ते स्वाभाविक होते. नीट चाललेल्या पेशीकडे कोण बघतो?

नुरजहाँच्या मनात होते की जलीलने पोलादपूरची, तिच्या भावाची मुलगी करावी. जलीलने सुट्टीवर आला असताना एका लग्नात नातेगावची उमैमा पाहिली होती. तो म्हणाला, करीन तर हिच्याशीच. नुरजहाँ दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बुरखा चढवला, मिठाई घेतली आणि आपण होऊन नातेगावला जाऊन मुलीला मागणी घातली. १९९६ साली लग्न झाले. दोन महिन्यांनी जलील मस्कतला परत गेला, आणि पुढची तीन वर्षे त्याला सुट्टी मिळाली नाही. घरात सासू-सून दोघी राहिल्या.

पण तोवर काळ्या ठिपक्यातल्या पेशी विझू लागल्या होत्या. त्यांच्यात एका प्रथिनाच्या गाठी साचत होत्या. शक्ती पुरवणारे कण थकले होते. माझा कामकरी जमेल तेवढे करत होता. गाठी आवरणाऱ्यांना साथ देत होता, कणांची डागडुजी करवत होता. पण एनएडी पुरेना आणि कामे उरकेनात. मित्रांनो, मी तो आजार आणला नाही. मी तो थांबवूही शकलो नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

ठिपक्यातल्या बऱ्याचशा पेशी जाईपर्यंत बाहेर काही कळत नाही. मग कळू लागते, पण काय कळले ते कळत नाही. नुरजहाँची पावले आखूड झाली. आवाज खाली गेला. मनात हसू यायचे, पण ते गालांपर्यंत पोचेना. हात मात्र थरथरत नव्हते. ते थरथरले असते तर कोणीतरी आधीच ओळखले असते.

उमैमा हौसेने माशाचा रस्सा करायची आणि सासूच्या तोंडाकडे बघत बसायची.

"अम्मी, कसा झालाय?"

"चांगला झालाय."

आवाज सपाट, चेहरा लाकडासारखा. उमैमा मागच्या दारी काशीबाईला सांगायची, "चांगला म्हणतात, आणि तोंड बगा! जसं काय मी विष वाढलंय."

"सासू हाय गो ती," काशीबाई म्हणायची. "सासवा तोंडावर हसायला लागल्या तर जगबुडी व्हायची."

तिकडे जलीलला कॅसेटमध्ये आईचा आवाज बारीक ऐकू यायचा. त्याने ठरवले, टेप बिघडला. १९९७ साली त्याने नवा टेपरेकॉर्डर पाठवला. पुढच्या वर्षी आणखी एक पाठवला, दोन मोठ्या स्पीकरांचा. प्रत्येक कॅसेटमध्ये तो सांगायचा, "अम्मी, मशीनजवळ तोंड नेऊन बोल." नुरजहाँला वाटे, मी तर ओरडून बोलतेय. या आजाराची तीही एक खोड आहे. माणसाला स्वतःचा आवाज पूर्वीइतकाच वाटतो.

१९९९ च्या पावसाळ्यानंतर जलीलची कॅसेट आली. दोघींनी ती एकत्र ऐकली. तो म्हणत होता, "दोन मशिनी बदलल्या. आता मला समजलं. बिघाड मशीनमधी नाय. तू मनातून बोलत नायस, अम्मी. पोलादपूरच्या गोष्टीचा राग अजून तुझ्या मनात हाय. उमैमाचा व्हिसा करायला टाकलाय. तिला मी हिकडं नेतो. तुलाही मोकळं वाटेल, तिलाही."

कॅसेट संपली. नुरजहाँ म्हणाली, "मी रागावले नाय."

उमैमाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. चेहऱ्यावर काहीच नव्हते.

"बरं," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मित्रांनो, मी तिच्या पेशीपेशीत होतो. ते वाक्य खरे होते. एवढे खरे बोलूनही कोणी विश्वास ठेवू नये, याचे काय करायचे ते तिला समजेना. घर रिकामे होण्याची तिला भीती होतीच. पण मुलगा आणि सून गैरसमज बरोबर घेऊन जातील, त्याची जास्त होती.

दुसऱ्या दिवशी तिने उत्तराची कॅसेट भरली. "मी रागावले नाय रे, जलील. उमैमा माझी लेक हाय." असे बरेच काही ती बोलली. मग दोघींनी ऐकून पाहिले. नुसती खरखर, आणि तिच्या तळाशी पुटपुट. उमैमाने कान लावला तरी शब्द लागेना.

"हा पण बिघडला," उमैमा म्हणाली. जाण्याआधी निदान टेप तरी नीट करून ठेवावा, म्हणून तिने तो पिशवीत घातला आणि सासूला बरोबर घेऊन महिपतीच्या दुकानात गेली. महिपती बाजारात रेडिओ-टेप दुरुस्त करायचा. जलीलने मस्कतहून परत आणलेली, पुन्हा भरता येईल अशी एक जुनी कॅसेटही तिने कपाटातून काढून घेतली होती.

महिपतीने टेप उघडला, पुसला, आपल्या मोजायच्या यंत्राला जोडला. त्या यंत्रावर एक काटा होता. आवाज आला की तो उडायचा.

"बोला काहीतरी, ताई."

"काय बोलू? तुमच्या दुकानात लई धूळ हाय," उमैमा म्हणाली. काटा टणकन उडाला.

"काटा खरं बोलतो," महिपती हसला. "आता भाबी, तुम्ही."

"मी रागावले नाय," नुरजहाँ म्हणाली. तिच्या तोंडात गेले काही दिवस तेवढेच वाक्य होते. काटा जागचा हलला नाही.

"मोठ्यानं बोला, भाबी."

"मोठ्यानंच बोलतेय."

महिपतीने कपाळाला आठ्या घातल्या. जुनी कॅसेट घातली आणि बटण दाबले. ती १९९३ सालची होती.

"जलील! भात खातोस का नुसते पावच चावतोस? मेल्या, गालफडं बसली तर हिकडं येऊ नकोस, ओळख देणार नाय मी!" आणि मग खळखळून हसणे. काटा शेवटच्या रेघेला जाऊन आपटला. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून बघू लागला.

उमैमा उभीच राहिली. ती लग्न होऊन आली ती ९६ साली. हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता.

"ह्या कोण?"

"मीच गो," नुरजहाँ म्हणाली.

महिपतीने टेपचे झाकण लावून टाकले. "ताई, मशीन ठणठणीत हाय. दुरुस्तीचं काम माझ्याकडचं नाय. भाबींना डॉक्टरकडं न्या. आणि ही कॅसेट पुसू नका. डॉक्टरला ऐकवा."

दीपक डॉक्टर मुंबईला शिकून नुकतेच महाडला आले होते. त्यांनी दोन्ही कॅसेटी ऐकल्या. नुरजहाँला दोन बोटे एकमेकांवर आपटायला सांगितली, चालायला सांगितले, कागदावर नाव लिहायला सांगितले. पहिले अक्षर बरे आले. शेवटचे मुंगीएवढे.

"कंपवात आहे," ते म्हणाले. "मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या. पण मला शंका नाही."

"पण हात तर कापत नाय ह्यांचा."

"सगळ्यांचा कापत नाही. आवाज उतरतो, अक्षर बारीक होतं, चेहऱ्याचे स्नायू मंदावतात. हसू येतं, पण चेहऱ्यावर पोचत नाही."

उमैमाने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. "म्हणजे डॉक्टर, या माझ्यावर रागावलेल्या नव्हत्या?"

"ते मला काय माहीत? त्यांनाच विचारा."

तीन वर्षांत तिने ते विचारले नव्हते. चेहरा पाहून स्वतःच ठरवले होते. ती वळली. "अम्मी, रागावलात का माझ्यावर?"

नुरजहाँ बराच वेळ गप्प राहिली. उमैमा पहिल्यांदाच थांबली.

"रागावले होते," नुरजहाँ म्हणाली. "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी मिठाई घेऊन आले. तेव्हाच संपला."

उमैमाला हसावे की रडावे कळेना. तिने दोन्ही केले.

जलीलला गेलेली पुढची कॅसेट उमैमाने भरली. नुरजहाँ एक वाक्य बोलायची, उमैमा तेच वाक्य मोठ्याने सांगायची. शेवटी तिने स्वतःचे एक वाक्य जोडले: "व्हिसाचं राहू द्या. तुम्हीच सुट्टी काढून या, आणि अम्मीसमोर बसा."

औषध सुरू झाले. आवाज थोडा वर आला, पावले थोडी लांब झाली. औषध डोपामिनची उणीव भरून काढते. मरणाऱ्या पेशी ते वाचवत नाही. मी ज्या पेशीतून हे पाहत होतो तीही पुढे गेली; माझ्या बाकीच्या प्रती राहिल्या. त्याच सुमारास दूरच्या प्रयोगशाळांत माझा अभ्यास सुरू झाला होता. उंदरांमध्ये आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये माझा कामकरी जास्त असला तर मेंदूच्या पेशी अधिक तग धरतात, असे काही ठिकाणी दिसले. उलट माझ्या पाठच्या भावंडाला गप्प केले तर पेशींना बरे वाटते, असेही दिसले. एका घराण्यातल्या सगळ्यांचा गुण सारखा नसतो. माणसांसाठी त्यातून औषध निघालेले नाही. माझ्या नावाने कोणी बाटली विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मित्रांनो, पेशीचे रक्षण मी थोडेफार करू शकतो, पण विचारपूस मला करता येत नाही. ती तुम्हाला येते. तुमच्या घरात कोणी हळूहळू बोलेनासे झाले, हसेनासे झाले, तर राग आहे, गर्व आहे, असे ठरवून मोकळे होऊ नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या. त्यांना काय वाटते ते त्यांच्या तोंडून ऐका. आणि विचारल्यावर थांबा, कारण अशा माणसाचे उत्तर उशिरा येते.

२००१ साली उमैमाला मुलगी झाली. नाव नशरा. तिच्यातली माझी एक प्रत जलीलकडून आली; ती आजीची की आजोबांची, कोण जाणे. जलील पुन्हा सुट्टीवर आला होता. काशीबाई, शेजारपाजार, सगळे जमले होते. उमैमाने बाळ सासूच्या मांडीवर ठेवले. नुरजहाँचा चेहरा होता तसाच राहिला. पाहुण्यांतली एक बाई दुसरीच्या कानाला लागली, "नात झाली म्हणून नाराज दिसते."

उमैमाने ते ऐकले. ती सासूसमोर उकिडवी बसली. "अम्मी, हसताय का?"

ती थांबली. जलील थांबला.

"कधीची हसतेय," नुरजहाँ म्हणाली.