घोळणा फुटला त्या दुपारी

एप्रिलातल्या एका रविवारी, दुपारच्या झोपेत अंजलीला वाटलं, आपण माहेरच्या विहिरीत उताणं तरंगतोय आणि कोमट पाणी ओठांवरून वाहतंय. जाग आली तेव्हा उशीचा अभ्रा लाल झाला होता. आठवड्यात तिसऱ्यांदा घोळणा फुटला होता.

तिची आई नवसाबाई वणीहून नाशिक रोडला लेकीकडे आली होती. तिने कांदा फोडून नाकाशी धरला, अंजलीची मान मागे टेकवली आणि टाळूवर गार पाणी ओतलं. रक्त घशात उतरलं.

"उष्णता झाली अंगात. लय राबती तू," आई म्हणाली.

पहिल्या वेळी अंजलीने मोबाइलवर कारणं शोधली होती, आणि त्यातलं सगळ्यात वाईट तेवढंच मनात राहिलं होतं.

कॉलनीतल्या दवाखान्यात दोघी पोचल्या तरी रक्त थांबलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिला पुढे वाकून बसवलं आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायला लावला.

"दहा मिनिटं. मध्ये सोडून बघायचं नाही. श्वास तोंडाने घ्या."

पंखा संथ फिरत होता. हिरव्या पडद्यातून आलेला उजेड फरशीवर पाण्यासारखा हलत होता. आईचा हात पाठीवरून फिरत होता आणि तिचा आवाज कुठून तरी लांबून येत होता.

"मी अकरा वर्षांची असंल. शाळेत जाताना माझा बी फुटला. वाटलं, आता मरणार. झगा नदीत धुतला न् कुणाला सांगितलंच नाय."

"मग?"

"मग काय. तीन रात्री जागी राहिले. मेले नाय."

अंजलीने नाक न सोडता, गेंगाण्या आवाजात सांगितलं, "मला वाटतंय, कॅन्सर आहे."

पाठीवरचा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

"सांगायचं ना गं," आई म्हणाली.

चिमूट सोडली तेव्हा रक्त थांबलं होतं. डॉक्टरीणबाईंनी टॉर्चने नाक पाहिलं, बीपी मोजलं. ते ठीक होतं. मग चौकशी केली. अंजली अंबडच्या औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगला होती. गोळ्यांना ओल लागू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम कोरडी ठेवतात. नाक चोंदलं म्हणून तीन आठवडे ती रोज स्प्रे मारत होती.

"हवेने नाक सुकलं, स्प्रेने आणखी. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. स्प्रे बंद करा. सलाईनचे थेंब घाला, झोपताना थोडं व्हॅसलिन लावा. तरी मनात शंका नको, एकदा रक्त तपासून घेऊ."

परतताना मायलेकी एका रसवंतीत टेकल्या. चरकाचे घुंगरू वाजत होते, ऊस चिरडल्याचा गोड वास येत होता. अंजलीने डोळे मिटले. आईने दोन ग्लास सांगितले, बिनबर्फाचे.

आई सोमवारी जाणार होती, पण थांबली. मंगळवारी रिपोर्ट आला. सगळं नीट होतं. अंजलीने एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला, आणि काही कळत नसतानाही आई प्रत्येक आकड्याला मान हलवत राहिली.