तीन जण जमले तर

बिश्केकच्या टोकाला आमची वस्ती. बस मोठ्या रस्त्यावरूनच परत फिरते, आमचा चिखल तुडवायला ती काही वेडी नाही. म्हणून फोनवरून मागवायची व्हॅन सुरू झाली तेव्हा मी अक्षरशः नाचले. अट एकच, तीन जणांनी मागवली तरच ती येते. मी आणि शेजारच्या बुरुल आपांच्या दोन सुना, झाले तीन.

पण व्हॅन आपांच्या फाटकाशी थांबली की आपा गरम नान घेऊन हजर. घरातून निघालेल्याने नानचा तुकडा मोडल्याशिवाय जायचं नाही, ही आमची रीत. मग ड्रायव्हर तालाय दादा खाणार, आम्ही खाणार, वर आपा तळवे पसरून साऱ्या वस्तीला आशीर्वाद देणार. इकडे माझा जीव टांगणीला. शिवणकामाच्या कारखान्यात मुकादमबाईंनी बजावलं होतं, "जिपार, आणखी एकदा उशीर झाला तर तुझं मशीन दुसरीला."

मंगळवारी आशीर्वाद देता देता आपा मेलेल्या नवऱ्याच्या घोड्यापर्यंत पोचल्या आणि माझं डोकं फिरलं.

"आपा, पुरे! तुमच्या नानपायी माझी नोकरी जाईल!"

माझ्या वाटचा तुकडा न मोडताच मी गाडीत चढले. तालाय दादाने गाडी काढली. मी वेळेवर पोचले आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

बुधवारी फोन बघते तर प्रवासी एकच, अजून दोन हवेत. आणि दोघी सुना, मीरिम आणि तिची जाऊ, मोठ्या रस्त्याकडे चालत निघालेल्या. चिखलातून!

"मीरिम, अगं, मागव ना गाडी!"

"आपांनी नको म्हटलंय. म्हणाल्या, तिची घाई आपल्या अंगाला नको."

असा संताप आला! एका म्हातारीच्या रुसव्यापायी तिघी चिखलात. पण चालत गेले तर उशीर ठरलेलाच. मुकाट फाटकाशी गेले. आपा दारातच उभ्या होत्या, हातात नान.

"चुकले, आपा," मी दातओठ खात म्हणाले.

"आधी खा."

मी तुकडा मोडला.

"मोठा मोड. कालचाही राहिलाय."

मोडला. मग आपांनी सुनांना हाक मारून परत बोलावलं. फोनवर तीन झाले, व्हॅन आली, तालाय दादाने खाल्लं, आपांनी तळवे पसरले. वस्ती झाली, नातवंडं झाली, घोडाही झाला.

"आणि आमच्या जिपारला कधी उशीर न होवो."

उशीर केव्हाच झाला होता.

"आमीन," मी भरल्या तोंडाने म्हणाले.