शनिवारचा धूर

नंदाकाकूंचा चढलेला आवाज शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये कुणी ऐकला नव्हता. पहाटे स्नान, देवपूजा, सोमवारचा उपवास, सगळं कसं गाजावाजा न करता. दर चातुर्मासात त्या काहीतरी सोडत. कधी वांगं, कधी चहा. यंदा काय सोडलं असं विचारलं, की नुसत्या हसत.

श्रावणातल्या त्या रविवारी नात इला त्यांना मराठी मंडळाच्या मीटिंगला घेऊन निघाली होती. इला शिकागोला इतिहासात पीएचडी करत होती, त्यामुळे गाडीत बसलं की स्पेन सुरू. काकू कहाणी ऐकावी तशा ऐकत.

"मग राजा-राणीचं लग्न झाल्यावर राज्यं एक झाली का गं?"

"कुठे, आजी! इसाबेलाचं कास्तील, फर्नांदोचं आरागॉन. कायदे वेगळे, नाणी वेगळी. मग त्यांनी दोन्हीकडे चालेल असं एकच कोर्ट काढलं, धर्माचं. पोपची परवानगी घेतली, पण माणसं नेमायची ह्यांनीच."

"म्हणजे देवाच्या नावावर राजाची सही."

"एक्झॅक्टली! पुढे ज्यूंना सांगितलं, ख्रिश्चन व्हा नाहीतर चालते व्हा. जे ख्रिश्चन होऊन राहिले, त्यांच्यावर पाळत. काय काय बघायचं ते चर्चमध्ये वाचून दाखवायचे. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, कुणाच्या धुराड्यातून धूर निघत नाही, कोण डुकराच्या चरबीऐवजी तेलात शिजवतं..."

"आणि सांगायचं कोण?"

"शेजारणी. चांगल्या, भाविक बायका, आजी."

गाडी मंडळाच्या हॉलपाशी थांबली.

मंडळाचंही गेल्या वर्षी असंच झालं होतं. अध्यक्ष गिरीशच्या मुलाचं दुसऱ्या मंडळाच्या अध्यक्षांच्या मुलीशी लग्न जमलं आणि दोन मंडळांचं एक झालं. इलेक्शन कॅन्सल केलं, दुसरे अध्यक्ष व्याही म्हणून बाजूला झाले, उरला गिरीश. माणूस कामाचा, पण 'मी म्हणतो ना' हे त्याच्या तोंडात बसलेलं.

"मंडळं एक झाली, तरी तुमचं-आमचं चालूच आहे," तो मीटिंगमध्ये उभा राहून म्हणाला. "आपल्याला बांधणारी गोष्ट एकच, धर्म. यंदा गणपतीच्या नैवेद्याचं किचन कडक सोवळ्यात. ज्यांच्या घरी देव, उपास-तापास सगळं रीतसर आहे, त्याच बायका आत. आणि कोण पाळतं, कोण नाही, ते आपल्या नंदाकाकू सांगतील. त्यांच्या शब्दापुढे कोण बोलणार?"

सगळ्यांच्या नजरा मागच्या रांगेत गेल्या. तिथे काकूंची मैत्रीण एस्तेर पेणकर बसली होती. मूळची अलिबागकडची, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. शुक्रवारी संध्याकाळी तिच्या घरी दिवा लागे आणि शनिवारी शेगडी पेटत नसे. शनिवारी काकू तिला फोनही करत नसत. सोमवारी मात्र काकूंच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी तीच करून आणी. आणि मोदकाला तिच्यासारख्या कळ्या पाडणारी मंडळात दुसरी नव्हती. आता काकूंच्या एका शब्दावर ती किचनबाहेर जाणार होती.

एस्तेर उठलीच. "वाद नको गिरीश. मी बाहेर पानं वाढेन."

"बस गं तू," काकू हळूच म्हणाल्या. मग गिरीशकडे वळल्या. "अरे, तुझं काम माझ्याच्यानं व्हायचं नाही. यंदा चातुर्मासात मी दुसऱ्याच्या घरातलं बोलणं सोडलंय."

हॉलमध्ये खसखस पिकली. "काकू, त्यापेक्षा वांगं सोडायचं ना!" विनय ओरडला.

"वांगं सोपं होतं रे."

गिरीश हसला नाही. "काकू, ही काय चहाडी आहे? देवाचं काम आहे."

"देवाला ठाऊक आहे ना कुणाच्या घरी काय चालतं? त्याला माझी साक्ष नको. मग ती हवीय कुणाला?"

आवाज तसाच होता, पूजेत घंटा खाली ठेवावी इतका हलका. पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. गिरीशने घसा खाकरला.

"ठीक आहे. मग रुपाली, तू सांगशील?"

रुपालीने एकदा एस्तेरकडे पाहिलं. "सॉरी हं. मी पण सोडलंय."

"कधी?"

"आत्ताच."

"मी पण," प्रीता म्हणाली. तिच्या शेजारच्या दोघींनी नुसतेच हात वर केले. विनयने टाळी वाजवली आणि बायकोने डोळे वटारताच थांबवली.

गिरीश खाली बसला. "आणि हा तुमचा नेम कधी सुटणार, काकू?"

"कार्तिकी एकादशीला."

"तोवर गणपती येऊन जातील!"

"जातील तर," काकू समाधानाने म्हणाल्या. "मोदक खाऊन जातील."

बाहेर पार्किंगमध्ये एस्तेरने त्यांचा हात धरला. मग म्हणाली, "उकड तू काढ. कळ्या मी पाडते."

"बरं."

"आणि ह्या वेळी मीठ विसरू नकोस. गेल्या वर्षी विसरलीस, मी कुणाला बोलले नाही."

"म्हणजे तू आधीपासूनच पाळतेस की," काकू म्हणाल्या. इलाने गाडीचं दार उघडलं, आणि तिघी हसत हसतच आत बसल्या.