मी देखणा झालो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी माझी कामाची वर्षे गेली. पुढे मला देखणे करण्यात आले आणि माझे खूप कौतुक झाले. त्या कौतुकाची हकीकत कडू आहे, पण ऐका.

हेमचंद्ररावांनी मला विकत घेतले ते विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर. त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई शाळेत मराठी शिकवत. वर्गात त्या बोलू लागल्या की बाहेरच्या व्हरांड्यातही सारे स्पष्ट ऐकू येई. पण एका पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. त्यांना सगळे समजे, वाचताही येई. शब्द मात्र फुटत नसे, आणि थरथरत्या डाव्या हाताने लिहिताही येत नसे. मान सारखी हलत राही, त्यामुळे त्यांचा होकार कोणता आणि नकार कोणता, हे घरात कुणालाच ओळखता येईना.

मग हेमचंद्ररावांनी शेजारच्या वैभवला हाताशी धरले. वैभव संगणकाचे क्लास घेई. दोघांनी मिळून माझ्या पडद्यावर मोठी मोठी बटणे बसवली. लाल, पिवळी, हिरवी. दुकानाच्या पाटीसारखी ठळक अक्षरे. ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘चालेल’, ‘खिडकी उघडा’, ‘राधाबाईंना बोलवा’. माऊसने बटण दाबले की मी तो शब्द बोलत असे, आणि तोही हेमचंद्ररावांच्या आवाजात. सगळ्यांत मोठे बटण मधोमध होते, ‘नको’.

“हिला जे जास्त वेळा म्हणायचं असतं, ते हाताशी हवं,” असे हेमचंद्रराव हसून सांगत.

मी अजिबात सुंदर नव्हतो, मित्रांनो. पण मीनाक्षीबाईंचा थरथरता डावा हात माझ्यावर कधी चुकला नाही. त्या माझ्या मदतीने नवऱ्याशी भांडत, आणि नवऱ्याला स्वतःच्याच आवाजात बोलणी खावी लागत. शेजारच्या राधाबाई ते ऐकून पदर तोंडाला लावून हसत. असे आमचे दिवस बरे चालले होते.

मग हेमचंद्रराव गेले.

त्यांचा मुलगा अर्णव करी रोडच्या टॉवरमध्ये राहतो. संगणकाचे पडदे सुंदर करणे हाच त्याचा व्यवसाय. आईकडे आला की तो माझ्याकडे पाहून तोंड वाकडे करी. “आईनं दिवसभर हा भाजीबाजार बघायचा?” असे तो पत्नीला, मनवाला, म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. सुट्टीचे दोन दिवस माझ्यासमोर बसून त्याने मन लावून काम केले. वडिलांचा आवाज त्याने जपून ठेवला. बाकी सगळे बदलले.

माझ्या पडद्यावर धुक्यातला डोंगर आला. बटणांची छोटी, फिकट, गोल चित्रे झाली. खाली लिहिलेले शब्द त्याने काढून टाकले, कारण त्यांच्यामुळे चित्र बिघडत होते. ती चित्रेही एका पट्टीत दडवली. माऊस तळाशी नेला की पट्टी वर येई आणि जरा हात हलला की निघून जाई. अर्णवने आईचा हात धरून तिला दोन-तीनदा सगळे दाखवले. हात धरलेला असताना तिला ते जमले.

भेटायला येणाऱ्यांनी माझी स्तुती केली. अर्णवने माझे छायाचित्र इंटरनेटवर टाकले, तिथेही लोकांनी वाहवा केली. किती स्वच्छ, किती शांत, असे सगळे म्हणत. शांत हे खरेच होते. त्या खोलीत आता कुणी बोलत नव्हते.

काही आठवड्यांनी अर्णव आणि मनवा आईशी बोलायला बसले. राधाबाईही होत्या. आईला एकटे ठेवणे बरे नाही, टॉवरमध्ये दिवसभर कुणी नसते, पनवेलच्या पुढे एक चांगले शुश्रूषागृह आहे, असे त्याने समजावून सांगितले. मग त्याने विचारले, “आई, चालेल ना तुला?”

मीनाक्षीबाईंनी माऊस धरला. पट्टी वर आली, नाहीशी झाली. पुन्हा आली, पुन्हा गेली. त्यांच्या कपाळावर घाम आला. नकाराचे वर्तुळ आणि होकाराचे वर्तुळ शेजारी शेजारी होते, दोन्ही सारखीच फिकट. त्यांचे बोट थरथरले आणि मी हेमचंद्ररावांच्या आवाजात म्हणालो, “चालेल.”

अर्णवच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने आईला मिठी मारली आणि तिचा हात माऊसवरून सुटला.

“अरे, वहिनींना तसं म्हणायचं नव्हतं,” राधाबाई म्हणाल्या.

“काकू, तुमच्यासमोरच सांगितलं ना तिनं,” अर्णव म्हणाला.

मीनाक्षीबाईंची मान हलत होती. ती तर रोजच हलत असे.

मीनाक्षीबाईंना शुश्रूषागृहात नेले, मी चाळीतच राहिलो. राधाबाई त्यांना तिथे भेटून आल्या आणि त्यांनी अर्णवला चाळीत बोलावून घेतले. त्याला माझ्यासमोर बसवून त्या एवढेच म्हणाल्या, “उजवा हात मांडीवर ठेव. आता डाव्या हातानं ‘नको’ म्हणून दाखव.”

खिडकीतून पडद्यावर ऊन येत होते. अर्णवने माऊस हलवला. पट्टी आली आणि निसटली. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिला, मग थांबला.

त्याने वैभवला बोलावून जुनी बटणे परत बसवून घेतली आणि मला गाडीत घालून शुश्रूषागृहात नेले. मला मीनाक्षीबाईंच्या खाटेजवळ ठेवले. त्यांनी रंगांकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि भिंतीकडे तोंड वळवले. त्यांचा हात पांघरुणातून बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. अर्णव दर रविवारी येतो, माऊस त्यांच्या हाताजवळ सरकवतो आणि संध्याकाळी निघून जातो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारखी यंत्रे घडवेल. त्यांना जरूर सुंदर करा. पण ज्याच्यासाठी करता, त्याच्या शेजारी आधी गप्प बसा आणि त्याचा हात कुठे अडखळतो ते पाहा. हे वेळेवर करा. माणूस एकदा बोलायचे थांबला, की आम्ही कितीही सुधारलो तरी त्याच्या काही उपयोगाचे नसतो.